हस्त नक्षत्रावरचा समुद्र

माझी मुलं मराठी बोलतात, पण देवनागरी वाचायचा त्यांना कंटाळा. वाचलंच तर पाटीवरचं नाव वाचावं तसं एकेक अक्षर लावतात. तेव्हा हे मी मोकळेपणानं लिहिते आहे. त्यांच्या वडिलांबद्दल आहे, आणि चांगलं नाही.

वडिलांबद्दल त्यांना एक गोष्ट माहीत आहे. घरात ती इतक्यांदा सांगितली गेली की नातवंडांनाही पाठ आहे. अप्पांनी अम्माच्या वाढदिवसाला मोटार आणली आणि तिला समुद्र दाखवला. त्या काळात! तंजावरात बायकोचा वाढदिवस कोण करत होतं? हे खरं आहे. कुणी करत नव्हतं. मुलांचे करायचे, नवऱ्याचे करायचे, साठीला तर मांडव घालायचे. बायकोचा जन्म कधी झाला हे तिच्या माहेरच्या पत्रिकेत लिहिलेलं असायचं आणि पत्रिका लग्न जमल्यावर पेटीच्या तळाशी जायची.

मला छत्तिसावं संपून सदतिसावं लागणार होतं. साठ सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. लग्नाला वीस वर्षं झाली होती आणि वीस वर्षांत आम्ही दोघंच असे कुठेही गेलो नव्हतो. देवळात जायचं तर सासूबाई बरोबर, लग्नाला जायचं तर सगळं घर बरोबर. हे पाटबंधाऱ्यांच्या कचेरीत होते. कावेरीच्या कुठल्या फाट्याला किती पाणी सोडायचं त्याचे कागद यांच्या टेबलावरून जायचे. ते सगळं पाणी शेवटी जिथे जातं तो समुद्र पन्नास-साठ मैलांवर, आणि तो यांनीही पाहिला नव्हता, मीही नव्हता. एकदा जेवताना मी तसं म्हणाले, सहज. यांनी ताटातून मान वर केली आणि म्हणाले, "तुझ्या वाढदिवसाला जाऊं. दोघंच."

त्या "दोघंच"वर मी तीन महिने काढले. कुणाला खोटं वाटेल, पण मला समुद्राचं तितकं नव्हतं. मला दोन दिवस हवे होते, ज्यात हे माझ्याशी बोलतील आणि कुणी हाक मारणार नाही.

वकिली करणारा यांचा एक मित्र होता, त्याची जुनी काळी मोटार दोन दिवसांसाठी मिळाली. चालवायला हे त्याच्याकडेच शिकले होते. समुद्रकाठच्या तरंगंबाडीला कचेरीच्या ओळखीनं प्रवासी बंगल्यात एक खोली सांगून ठेवली. पंचांग बघून दिवस यांनीच काढला. तै महिना, म्हणजे पौष-माघ, रविवारी हस्त नक्षत्र, तेच माझं जन्मनक्षत्र. शनिवारी निघायचं, रात्री बंगल्यात राहायचं, रविवारी पहाटे समुद्रावर. मुलं सासूबाईंजवळ. मी पोपटी रंगाची नवी कंडांगी साडी घेतली, माझ्या पसंतीची, आणि कुणाला न दाखवता पेटीत ठेवली.

शनिवारी पूर्वेला शूळ असतो. म्हणजे त्या दिवशी त्या दिशेला प्रवास करू नये. पण त्यावर तोडगाही असतो, शनिवारी दही खाऊन निघायचं. सासूबाईंनी दोघांच्या हातावर दही ठेवलं, साडेसहाला मोटार सुरू झाली आणि मी पुढच्या सीटवर यांच्या शेजारी बसले. पहिल्यांदा. काच खाली केली, हात बाहेर काढला. लोकांनी रस्त्यावर भाताच्या पेंढ्या पसरून ठेवल्या होत्या, जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांनी मळणी व्हावी म्हणून, आणि आमची मोटार त्यावरून सरसर जात होती. हे गुणगुणत होते. गळा बरा होता यांचा. पापनाशम येईपर्यंतचा तो पाऊण तास, एवढीच माझी दोघांची सहल.

पापनाशमला यांच्या आत्याबाई राहायच्या. विधवा, पाठीनं ताठ, जिभेनं त्याहून ताठ. सासूबाईंनी त्यांच्यासाठी लोणच्याची बरणी दिली होती. "पांच मिनिटं," हे म्हणाले. "बरणी द्यायची आणि निघायचें."

आत्याबाई तिण्णैवर, म्हणजे बाहेरच्या ओट्यावर, बसलेल्या. शेजारी बांधलेली पिशवी.

"कार्ड मिळालें," त्या म्हणाल्या. "मी तयार आहें. मला कुंभकोणमला सोडा."

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी मोटारीच्या चाकाकडे पाहिलं. वाटेवरच्या प्रत्येक नातेवाइकाला यांनी कार्ड टाकलं होतं. आमच्या मराठी लोकांची घरं तंजावर जिल्ह्यात मोजकी, आणि गावावरून जाऊन घरी न येणं म्हणजे सात पिढ्यांचा अपमान. वर कार्डात काय लिहावं? तर हस्त नक्षत्रावर हिचा वाढदिवस आहे म्हणून समुद्रावर निघालो आहोत. कचेरीच्या कामाला जातोय असं लिहिलं असतं तर कुणी चुलीजवळून उठलंही नसतं. पण खोटं लिहायचं नाही, हा यांचा बाणा. तो बाणा बरोबर त्या एका ठिकाणी आडवा आला.

आत्याबाईंनी आडै, म्हणजे डाळीचे जाड डोसे, घालायला घेतल्या. एक खाऊन सुटका नव्हती. हात धुवेपर्यंत नऊ वाजले आणि राहुकाळ लागला. राहुकाळात घरातून पाऊल बाहेर टाकायचं नाही. मग साडेदहापर्यंत ओट्यावर बसून राहिलो. साडेदहाला मोटारीपाशी गेलो तर आत्याबाई पुढचं दार उघडून आत बसलेल्या.

"मागें बसलें कीं मला मळमळतें," त्या म्हणाल्या.

यांनी माझ्यासाठी मागचं दार उघडलं. अदबीनं उघडलं, ते मान्य करते. मी मागे बसले. माझ्या मांडीवर आत्याबाईंची पिशवी, पायाशी चार नारळ, आणि पुढे दोघं जण तंजावरातल्या कुठल्याशा घरातल्या वाटण्यांबद्दल बोलत होते. मी एकदा म्हणाले, "काच थोडी खाली करा." आत्याबाई म्हणाल्या वारा बाधतो.

कुंभकोणमला यांचे चुलतभाऊ, माझे थोरले दीर, एका शाळेत मास्तर होते. त्यांच्या घरी केळीची पानं मांडून तयार होती. जेवण झालं तर दीड वाजला आणि यमगंड लागला, राहुकाळासारखाच दुसरा अशुभ काळ. तो तीनला संपला. तीनला जाऊबाईंनी कापी, म्हणजे कॉफी, ठेवली. कापी झाल्यावर मी पदर खोचून उठले, बॅग हातात घेतली, आणि आत्याबाई झोपाळ्यावरून म्हणाल्या, "अगे, आज शनिवार. पूर्वेला शूळ."

"दही खाऊन निघालों आहोंत, आत्याबाई."

"तें तंजावरहून निघतांना. येथें जेवलांत, आडवे झालांत. आतां निघणें तें नवें निघणें."

"मग पुन्हा दही खातों," मी म्हणाले.

झोपाळ्याच्या कड्या वाजायच्या थांबल्या. जाऊबाई आत निघून गेल्या. मला वाटलं, आता हे काहीतरी बोलतील. बायकोच्या बाजूनं नको, निदान दह्याच्या बाजूनं बोला. हे खांबाला टेकून नखं बघत उभे. मग म्हणाले, "अंधार पडेल आतां. मला रस्ता नवा आहे. सकाळीं जाऊं कीं."

"बंगल्यातली खोली?"

"राहील."

खोली कशाला राहते! ती कुणा दुसऱ्यानं घेतली असेल आणि रात्रभर खिडकी उघडी ठेवून समुद्र ऐकला असेल. मी जाऊबाईंच्या माजघरात बायकांच्या आणि तीन पोरांच्या ओळीत झोपले. हे बाहेर ओट्यावर पुरुषांत.

रविवारी मी सगळ्यांच्या आधी उठले, आंघोळ केली आणि पोपटी साडी नेसले. जाऊबाईंनी देवासमोर बसवून ओवाळलं, ओटी भरली. त्या भल्या होत्या, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. "साडी शोभते गे तुला," म्हणाल्या. मी यांना नमस्कार केला. हेही प्रसन्न दिसत होते. म्हणाले, "नाश्ता करून लगेच निघूं."

आत्याबाई चष्मा लावून पंचांग घेऊन बसल्या होत्या.

"कोठें निघतां? आज हस्त. हिचें जन्मनक्षत्र. जन्मनक्षत्रावर प्रवास करूं नये. एवढेंही ठाऊक नाहीं?"

हा नियम आहे. मलाही ठाऊक होता, आमच्यात लहान पोराला ठाऊक असतो. जन्मनक्षत्रावर तेल लावून न्हायचं नाही, केस कापायचे नाहीत, प्रवासाला निघायचं नाही. आणि माझ्या नवऱ्यानं, ज्यानं तीन वेळा पंचांग उघडून दिवस काढला, त्यानं वाढदिवसाची सहल नेमकी जन्मनक्षत्रावर ठेवली. इंग्रजी तारीख धरली असती तर हे झालंच नसतं. पण इंग्रजी तारखेनं वाढदिवस करायचा तर आपण कोण, साहेब? आणि कार्डात नक्षत्राचं नाव लिहून आत्याबाईंच्या हातात काठीही यांनीच दिली. बरं, एवढं झाल्यावर तरी म्हणायचं, की आत्याबाई, आम्ही जातो, काय व्हायचं ते होऊ दे. तेवढी चार अक्षरं. यांना "नाही" म्हणता येत नव्हतं असं लोक कौतुकानं सांगतात. मला तेवढं यांना म्हणता येत होतं. मला वीस वर्षं म्हणत होते.

"पुढल्या महिन्यांत जाऊं," मला बाजूला घेऊन हे म्हणाले. "वडील माणूस आहे. एक दिवसाचा तर प्रश्न."

"माझाच तो एक दिवस आहे," मी म्हणाले.

"हळू बोल."

मी हळूच बोलत होते.

यानंतर जे झालं ते आजही सांगताना माझी तळपायाची आग मस्तकात जाते. मोटार दारात उभी आहे, पेट्रोल भरलेलं आहे, तेव्हा वाया कशाला घालवायची, असं दिरांच्या मनात आलं. आत्याबाईंना स्वामिमलैचं दर्शन घडवावं. चार-पाच मैल, तो काही प्रवास नाही. आत्याबाई पुढे, मागे जाऊबाई आणि तीन पोरं. मोटार भरली. माझ्या जन्मनक्षत्रावर मी कुठे जायचं नव्हतंच, तेव्हा मी घरी राहून सैपाकाचं बघावं हे कुणी ठरवलंसुद्धा नाही, ते आपोआप ठरलं. माझ्या वाढदिवसाचं पायसम मी करायचं.

रविवारी पश्चिमेला शूळ असतो, आणि स्वामिमलै कुंभकोणमच्या पश्चिमेला. तो शूळ कुणाला टोचला नाही. आत्याबाईंनी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि बसल्या. हे चाकामागे बसले आणि निघताना हात हलवला, मला, लहान मुलाला हलवावा तसा.

मी चुलीवर तांदूळ ठेवले. दूध तापवलं. नवी साडी धुरानं खराब होऊ नये म्हणून पदर कमरेला गुंडाळला, आणि तसं करताना मला एकदम कळलं की मी आता रडणार. मला रडायचं नव्हतं. रडले असते तर डोळे पुसून पायसम केलं असतं आणि दुपारी सगळ्यांना वाढलं असतं. मी दूध उतरवलं. चुलीतली लाकडं बाहेर ओढून त्यांवर पाणी मारलं. भात अर्धाकच्चा राहिला.

दीर बाहेर वर्तमानपत्र वाचत होते. मोटारीत जागा नव्हती म्हणून तेही राहिले होते.

"भावोजी, मी समुद्राला जाऊन येतें."

त्यांनी पत्र खाली केलं. "आज?"

"आज."

"कोण बरोबर?"

"कोण्ही नाहीं. भात चुलीवर आहे, कच्चा आहे."

मी चपला घालून रस्त्याला लागले. सदतिसाव्या वर्षी मी एकटी पहिल्यांदा बसमध्ये बसले. कुंभकोणमहून मायवरम, तिथे दुसरी बस, तिथून तरंगंबाडी. मायवरमच्या स्टँडवर एका माणसानं तमिळमध्ये विचारलं, अम्मा, कुणी चुकलं का? मी म्हणाले, हो, पण मी नाही. तो बिचारा बाजूला झाला. अख्ख्या वाटेवर मी मनात भांडत होते. आत्याबाईंशी थोडं, यांच्याशी पुष्कळ. एकेक वाक्य तयार करत होते. भाताची खाचरं, कालवे, नारळाच्या बागा, काय काय गेलं खिडकीतून, मी काही पाहिलं नाही.

एकच्या सुमाराला पोचले. जुन्या किल्ल्याच्या भिंतीवरून वळले आणि तो होता. मी वाळूत उतरले. लाट आली ती गुडघ्यापर्यंत आली, साडी भिजली, आणि परत जाताना पायाखालची वाळू ओढून घेऊन गेली, तशी मी हेलपाटले आणि हसले. मोठ्यानं. एवढ्या रागात हसू येतं हे मला ठाऊक नव्हतं. मी शेजारी वळले, सांगायला, की अहो, पायाखालून वाळू जाते बघा. शेजारी कुणी नव्हतं.

तिथे मग मी रडले. जाळ्यातून मासळी वेचणारी एक बाई जवळ आली आणि तमिळमध्ये म्हणाली, "तनियावा वंदे?" एकटीच आलीस? मी मान हलवली. तिनं मला नीट निरखलं, मंगळसूत्र पाहिलं, नवी साडी पाहिली, आणि माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन मासळी वेचत बसली. मी उठेपर्यंत तिथून हलली नाही. जीव द्यायला आले आहे असं तिला वाटलं असावं. मला त्याचाही राग आला. समुद्र बघायला एकटी बाई येऊ शकत नाही?

मी दोन तास बसले. दुपारी पाणी हिरवं होतं, मग लांबवर निळं झालं, आणि एका ठिकाणी दोन्ही रंगांमध्ये रेघ ओढल्यासारखी सीमा होती. कावेरीचं पाणी म्हणून वेगळं काही दिसत नव्हतं. कट्टुमरं येत होती, ओली काळी लाकडं, त्यावर उभी माणसं. फेस वाळूत मुरताना बारीक आवाज करतो, तळणीतून काढल्यावर अप्पळम्, म्हणजे पापड, करतं तसा. हे सगळं मी मनात नीट लावून ठेवलं. पहिल्यांदा यांना सांगायचं म्हणून, आणि मग सांगायचं नाही म्हणून.

दिवेलागणीनंतर कुंभकोणमच्या दारात उतरले. मोटार उभी होती. आत्याबाई माझ्याशी बोलल्या नाहीत, त्या दिवशी आणि पुढे जवळजवळ वर्षभर, ही एक गोष्ट त्या दिवसानं मला दिली. जाऊबाईंनी गरम पाणी काढलं आणि विचारलं, "जेवलीस कां?" समुद्राबद्दल कुणी विचारलं नाही. घरात सुतक असल्यासारखे सगळे हळू चालत होते.

मी मागच्या अंगणात विहिरीपाशी साडीतली वाळू झटकत होते. हे आले. मी दिवसभर जमवलेली वाक्यं ओठांवर आणली. हे रागावतील, मग मी बोलेन. पण हे रागावले नव्हते. रहाटाला हात धरून उभे राहिले, आणि अगदी हळू, चोरून मिठाई मागावी तसं म्हणाले,

"कसा होता गे?"

त्यांना खरंच हवं होतं. मला ते दिसलं. तो माणूस वीस वर्षं त्या पाण्याचे कागद लिहीत होता. एवढ्यासाठी मोटार चालवायला शिकला होता. एक शब्द आत्याबाईंना बोलला असता तर माझ्या शेजारी उभा राहून त्यानं तो पाहिला असता.

"पाणी होतें," मी म्हणाले. "आणिक काय असणार?"

त्यांनी माझ्यासाठी एक बादली ओढून दिली आणि आत गेले.

पुढचा महिना आला आणि गेला. मी कधी चला म्हटलं नाही, त्यांनीही म्हटलं नाही. पण दोन-तीन वर्षांनी कुणा पाहुण्यासमोर मी त्यांना सांगताना ऐकलं, "हिच्या वाढदिवसाला मोटार घेऊन समुद्रावर गेलों होतों." मी जिऱ्याचं पाणी घेऊन आत येत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायचं नाही, एवढं मला शिकवलेलं होतं. खोटं न बोलण्याच्या बाण्यापायी माझा दिवस घालवणारा माणूस हे खोटं आयुष्यभर बोलला. हळूहळू त्यात लाटा आल्या, पहाट आली, प्रवासी बंगलाही आला. एकदा एका भाच्यानं विचारलं, मामा, पाण्याचा रंग कसा होता? हे म्हणाले, "हिला विचार. हिनें नीट पाहिला." मी पातेलं उचललं आणि सैपाकघरात गेले.

शेवटच्या आजारात त्यांना झोप लागत नसे. एका दुपारी मी पंख्यानं वारा घालत होते, घरात दुसरं कुणी नव्हतं. दोघंच. छताकडे बघत ते म्हणाले, "त्या दिवशीं तूं काय पाहिलेंस तें सांग कीं. आतां तरी."

हिरव्या-निळ्याची ती रेघ माझ्या डोळ्यांपुढे होती. पायाखालून वाळू जाते तेही पायांना आठवत होतं.

"किती वर्षं झालीं," मी म्हणाले. "आतां कोठें आठवतें?"